नावाभोवतीच्या दोन खुणा

रविवारी हुपरीला माहेरी गेले की अण्णा चहाच्याही आधी एक काम सांगायचे. "जरा माझ्या फोनवर फोन लाव बगू." मी त्यांच्यासमोर उभी राहून लावायचे. तो खणखणीत वाजायचा. अण्णा उचलायचे, कानाला लावायचे आणि मी हाताच्या अंतरावर दिसत असूनही "हॅलो, कोण बोलतंय?" म्हणायचे. मी वैतागायचे. "तुमची लेक बोलतेय, दुसरं कोण!" मग ते फोन बंद करून खिशात ठेवायचे आणि म्हणायचे, "म्हंजी वाजतोय."

वाजत होताच. बटणांचा साधा फोन, त्यात बिघडण्यासारखं होतं काय? पण अण्णांना खात्री लागायची. माझ्यामागे ते शेजारच्यांनाही फोन लावायला सांगतात, असं आई म्हणायची. एकदा भाकरी थापताथापता ती तोंडावर बोलली, "त्यास्नी वाटतंय फोन मेलाय. फोन जित्ता हाय, काम मेलंय." मला तिचा इतका राग आला की मी त्या दिवशी न जेवता कोल्हापूरची बस धरली. खरं बोलणाऱ्या माणसाचा राग येतो तसा तो राग होता, हे आता लिहिताना कळतं.

अण्णा म्हणजे माझे वडील. चांदीचे कारागीर. हुपरीत पैंजण एका घरात तयार होत नाही. एका घरी चांदी आटवतात, दुसऱ्या घरी तार ओढतात, आणखी कुठल्या घरी कड्या वळतात, कुठे घुंगरू लावतात, कुठे पॉलिश होतं. असं गल्लीगल्लीतून फिरत ते शेवटी पेढीवर जातं. पेढी म्हणजे व्यापाऱ्याचं दुकान. चांदी त्याची, हात आमचे. आमच्या घरी झाळकाम चालायचं. म्हणजे ओवलेल्या कड्यांच्या प्रत्येक सांध्यावर डाखाचा बारीक कण ठेवायचा आणि ज्योतीने तो वितळवून सांधा बंद करायचा. आच कमी पडली तर सांधा सुटतो, जास्त झाली तर कडीचाच गोळा होतो. अण्णांनी झाळलेल्या पैंजणावर डोळे मिटून बोट फिरवलं तरी सांधा हाताला लागायचा नाही. पेढीवाले नव्या गिऱ्हाइकाला दाखवायला म्हणून त्यांचा नग वेगळा काढून ठेवत.

आमच्याकडे एक रीत आहे. कारागीर काम मागायला जात नाही. काम चालत दाराशी येतं. पूर्वी पेढीवरचा माणूस सायकलवरून यायचा, दारातूनच "हायसा का?" म्हणून हाक द्यायचा आणि चांदीचं गाठोडं उंबऱ्याच्या आत ठेवायचा. आठवडाभर कुणी आलं नाही तरी बाहेर पडून विचारायचं नाही. विचारलं की माणूस उतरला. अण्णांनी ही रीत पाळली आणि आम्हालाही पाळायला लावली. "माझ्या नावानं कुणाला काय इचारायचं न्हाय," हे त्यांनी मला इतक्या वेळा बजावलं होतं की कोल्हापुरात कुणी पेढीवाला भेटला तर मी हवापाण्याच्या गप्पा मारून सटकायचे.

आता सायकलवाला राहिला नाही. त्याच्या जागी आम्ही आलो.

आम्ही म्हणजे राजारामपुरीतल्या एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर असलेलं आमचं छोटं सॉफ्टवेअरचं ऑफिस. खाली झेरॉक्सचं दुकान, वर आम्ही. हुपरीच्या काही पेढ्यांनी मिळून आमच्याकडून एक यंत्रणा करून घेतली होती. पेढीवाला संगणकात लिहितो, अमुक घरी अमुक काम. ते लिहिताक्षणी त्या घरचा फोन वाजतो आणि एक बाई सांगते, "नमस्कार. आपल्या घरचं काम तयार आहे. पेढीवरून घेऊन जावं." ती बाई मी. साहेबांनी बाहेरून आवाज आणायचा खर्च वाचवला आणि माझाच आवाज पंखा बंद करून ध्वनिमुद्रित केला. कारागिरांना कळेल अशी मराठी बोल, असं ते म्हणाले होते. मग सगळ्या हुपरीशी मी बोलू लागले. अण्णांना त्याचं केवढं कौतुक! पहिला कामाचा फोन आला तेव्हा त्यांनी तो अंगणात उभं राहून ऐकला आणि शेवटी "बरं बाळ" म्हणाले. मुद्रित आवाजाला!

सुरुवातीला त्यांचा फोन वाजायचा. पूर्वीइतका नाही, पण वाजायचा. मग एका सणाच्या पुढेमागे वाजणं थांबलं. हंगाम नसेल, असं आम्ही म्हटलं. हंगाम आला, लग्नसराई आली, समोरच्या गल्लीत हातोड्यांचा आवाज दिवसभर चालू राहिला आणि अण्णांचा फोन गप्प राहिला. त्यांनी बोलणं कमी केलं. चहा बशीत ओतताना आताशा तो बशीबाहेर सांडायचा, आणि आई फडकं फिरवायची. ते मी पाहायचे आणि पाहिलं नाही असं करायचे.

मला खरं तर ऑफिसात बसल्याबसल्या पाहता आलं असतं, असं कुणी म्हणेल. नव्हतं येत. पेढ्यांची माहिती पेढ्यांच्या ताब्यात. कुणाच्या घरी किती काम जातं हे व्यापारी सख्ख्या भावालाही सांगत नाहीत, मग आम्हाला कोण दाखवणार? आम्ही यंत्रणा बांधायची खोट्या माहितीवर, खऱ्या माहितीच्या खोलीला कुलूप. ते कुलूप उघडायची वेळ आली ती एका तक्रारीमुळे.

तक्रार आमच्याच गल्लीतली. आमच्या समोर एक म्हातारे कारागीर राहतात, तार ओढायचं काम करतात. त्यांना सगळी गल्ली मामा म्हणते. मामांचं काम पेढीवर साचत गेलं, शेवटी पेढीवाल्याने मामांच्या सुनेला रस्त्यात गाठून झापलं, "फोन येतोय तरी काम न्ह्याय येत न्हाईसा, झोपा काढताय व्हय?" सून काही ऐकून घेणारी नव्हती. ती म्हणाली, "आमच्या मामंजींचा फोन दिवसभर त्यांच्या हातात असतोय. तुमचंच मशीन मुकं झालंय." हे भांडण पेढीवरून आमच्या साहेबांकडे आलं आणि साहेबांकडून माझ्या टेबलावर.

ज्या पोराने ती यंत्रणा लिहिली होती तो नोकरी धरून पुण्याला गेला होता. माझ्यासमोर त्याचं लिखाण उघडलं. इथे थोडं समजावून सांगायला हवं, कारण सगळं त्यावरच अडलं होतं.

कामांची नोंद एका तक्त्यात होते. त्या तक्त्यावर एक राखण्या बसवलेला असतो, त्याला ट्रिगर म्हणतात. नवी ओळ पडली की तो आपण होऊन जागा होतो आणि हाक मारतो. हाक कुणाच्या तरी नावाने मारायची असते. आमच्याकडे प्रत्येक घराला एक नाव दिलेलं होतं, हुपरीत घरं ज्या नावाने ओळखतात तेच, फक्त इंग्रजी अक्षरांत. पलीकडे दुसरा एक प्रोग्राम त्या त्या नावाची हाक ऐकत बसलेला. हाक ऐकली की तो फोन लावतो. साधं आहे.

पण हे तक्ते सांभाळणाऱ्या डेटाबेसला नाव कुठलं आणि मजकूर कुठला हे आपण होऊन कळत नाही. ते खुणा करून सांगावं लागतं. नावाभोवती दुहेरी अवतरणचिन्हं, मजकुराभोवती एकेरी. या खुणा हाताने टाइप करत बसायच्या नसतात, त्यासाठी डेटाबेसमध्येच तयार सोय असते. तिच्या हवाली केलं की ती नावाला नावाचं आणि मजकुराला मजकुराचं वेष्टण घालते. कामाच्या घाईत आमच्यातले लोक हे टाळतात आणि नंतर कपाळाला हात लावतात.

त्या पोराचं तसंच झालं होतं. त्या सणाच्याच सुमाराला एका पेढीवाल्याने शेऱ्यात एका परगावच्या दुकानाचं इंग्रजी नाव लिहिलं, त्या नावातच एक एकेरी चिन्ह होतं. डेटाबेसला वाटलं मजकूर इथेच संपला, पुढचं काय हे कळेना, त्याने ओळच नाकारली. पेढीवाल्याने फोन करून ऑफिस डोक्यावर घेतलं. पोराने ट्रिगर घाईघाईने नव्याने लिहिला, मजकूर नीट वेष्टणात घातला आणि नाव मात्र, आधी हाताने टाकलेल्या खुणा पुसून, उघडंच ठेवलं. मजकुराची चूक आरडाओरडा करते. नावाची चूक गप्प राहते. उघड्या नावातली सगळी मोठी, म्हणजे कॅपिटल, इंग्रजी अक्षरं आमचा डेटाबेस परस्पर बारीक करतो, कुणाला विचारत नाही. ऐकणारा ज्या नावाची वाट बघतोय त्यात पहिलं अक्षर मोठं असेल, तर त्याच्या लेखी ही हाक दुसऱ्याच कुणासाठी असते. आणि न ऐकलेली हाक ही काही डेटाबेसच्या मते चूक नव्हे. तो हाक मारून मोकळा.

आता प्रश्न एवढाच उरला की मोठं अक्षर कुठल्या घरांना होतं. बहुतेक घरं बारीक अक्षरांत होती, त्यांचे फोन वाजत होते. मी साहेबांना विचारलं. साहेब हुपरीचे जावई, साठीच्या पुढचे, घरांची नावं सुरुवातीला त्यांनीच टाइप केली होती. ते थोडे ओशाळले आणि मग चढ्या आवाजात म्हणाले, "अगं, जुन्या कारागिरांची घरं ती! हयात गेली त्यांची चांदीत. त्यांची नावं बारक्या अक्षरात लिवायची व्हय? म्हणून मी पैलं अक्षर मोठं घातलंय. मान म्हणून."

मान म्हणून! मला हसू आलं आणि हसताहसता डोळ्यांत पाणी आलं. सबंध जगात कोल्हापूर सोडून कुठे कुणी मान म्हणून डेटाबेसात मोठं अक्षर घातलं असेल? ज्यांना मान दिला नेमक्या त्यांचीच हाक हरवली होती. आणि पुढच्याच क्षणी माझ्या लक्षात आलं. जुन्या घरांत आमचं घर होतं. मी साहेबांना विचारलं, "आमच्या अण्णांचं?"

"सगळ्यांत आधी त्यांचं लिवलंय मी," साहेब म्हणाले. "मोठ्या अक्षरानं."

त्या दुपारी मी जेवणाचा डबा उघडलाच नाही. बाहेर जिन्यात जाऊन आईला फोन केला आणि भडाभडा सांगितलं. अण्णांची काही चूक नाही, कामाचा दुष्काळ नाही, आमच्या यंत्रणेत घोळ होता, जुन्या घरांचे फोन वाजतच नव्हते. आई ऐकत होती. मग तिने फोन बाजूला धरला आणि ओरडून सांगितलं, "अवो ऐकलासा का? मशीनचा घोळ हाय म्हनं! मशीनचा!" थोड्या वेळाने आई परत फोनवर आली आणि हळू आवाजात म्हणाली, "उठून भाईर गेलं बग. डोळं पुसत गेलं."

मीही जिन्यात डोळे पुसले. इतका आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता.

दुरुस्ती म्हणजे एका ओळीचं काम होतं. पण पेढ्यांनी मिळून बसल्याशिवाय, त्यांनी हो म्हटल्याशिवाय आम्हाला खऱ्या माहितीला हात लावता येत नव्हता. त्यात पंधरवडा गेला. त्या पंधरवड्यात अण्णा बदलले. मधल्या रविवारी मी गेले तर त्यांनी मला फोन लावायला सांगितलंच नाही. कामाची जागा झाडून पुसून लख्ख, चिमटे घासलेले, ज्योतीची नळी साफ केलेली, डाखाची डबी उजव्या हाताला. सकाळी आंघोळ करून ते तिथे बसून होते. गल्लीतून कुणी गेलं की स्वतः हाक मारून थांबवायचे. "मशीनचा घोळ हुता बरं का. हिच्या हापिसातच सापडला." असं म्हणून माझ्याकडे बोट दाखवायचे. आई म्हणाली, "सगळ्या गल्लीत सांगून झालंय. बस स्टँडवर चहाच्या गाड्यावर बी सांगितलंय. मी बी सांगून आलो की मळ्यातल्या बायकास्नी."

मला एकदाच वाटलं होतं, की मामांच्या घरच्यांना पेढीवाल्याने झापलं, मग अण्णांना का नाही झापलं? त्यांचंही काम पडून राहिलं असणारच. मग माझं मीच उत्तर दिलं. अण्णांना कोण झापणार? त्यांची भीड पडत असेल, काम गुपचूप दुसऱ्या घरी दिलं असेल. आशेने माणूस किती हुशार होतो, आणि किती मूर्ख.

पेढ्यांची परवानगी आली त्या दिवशी सकाळीच मी आणि साहेब स्क्रीनसमोर बसलो. मी नावालाही वेष्टण घातलं. एक खोटी ओळ टाकून पाहिली, हाक मोठ्या अक्षरासकट नीट गेली. मग दुसरं काम. जुन्या घरांची जी कामं अजून पेढीवर पडून होती, त्यांच्या हाका आता नव्याने मारायच्या होत्या. मी तशी यादी काढायला सांगितली आणि एंटर दाबलं.

घरं येऊ लागली. मामांचं घर. वरच्या गल्लीतलं घुंगरूवाल्यांचं घर. आटणीवाल्यांचं. देवळामागचं. ओळखीची सगळी, लहानपणी ज्यांच्या अंगणात मी खेळले ती. साहेब प्रत्येक नावाला मान हलवत होते. यादी संपली. आमचं घर नव्हतं.

मी पुन्हा चालवलं. नव्हतं. माझ्या आईबापांची शपथ, मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या लिखाणात चूक सापडावी म्हणून जोतिबाला नवस बोलले. प्रत्येक अक्षर तपासलं. आमच्या नावात कुठे रिकामी जागा राहिली असेल, कुठे चिन्ह अडकलं असेल, कुठल्या अटीत ते गळत असेल. काहीच नव्हतं. मग मी यादीचा नाद सोडला आणि तक्त्यालाच सरळ विचारलं, यंत्रणा बिघडली त्या दिवसापासून आजपर्यंत या घराच्या नावावर किती ओळी पडल्या? नावाला खुणा नीट होत्या, मजकुराला नीट होत्या, प्रश्नात काही खोट नव्हती.

एकही नाही.

हाक हरवली नव्हती. कुणी मारलीच नव्हती. अण्णांचं काम आणि यंत्रणेचा आवाज एकाच सुमाराला थांबले, एवढाच काय तो योगायोग. पेढीवाल्यांनी त्यांचं नाव हळूच बाजूला ठेवलं होतं. कुणी वाईट बोललं नाही, कुणी भांडलं नाही. बशीबाहेर सांडणारा चहा मी न पाहिल्यासारखा केला होता, पण पैंजणावरचा सुटलेला सांधा त्यांनी पाहिला होता.

साहेब उठून खिडकीशी गेले. मग तिकडे तोंड करूनच म्हणाले, "एखादं काम टाकूया का त्यांच्या नावावर? चांदी मी बगतो कुठनं तरी."

खरं सांगते, मी तीही ओळ टाइप केली. घराचं नाव, कामाचा प्रकार, वजन. सगळं नेटकं, सगळं वेष्टणात. फक्त एंटर दाबायचं बाकी होतं. दाबलं असतं तर राखण्या जागा झाला असता, हाक गेली असती, हुपरीत फोन वाजला असता आणि मीच मधाळ आवाजात सांगितलं असतं की आपल्या घरचं काम तयार आहे. अण्णा "बरं बाळ" म्हणाले असते. माझं बोट त्या बटणावर टेकलेलं होतं. पण मग पुढे काय? ते ठेवणीतला सदरा घालून पेढीवर गेले असते आणि पेढीवाल्याने विचारलं असतं, कुठलं काम? तिथे, चार लोकांत. मी ओळ पुसली. पुसताना मला साहेबांचा, पेढीवाल्यांचा, त्या पुण्याला गेलेल्या पोराचा आणि सगळ्यांत जास्त माझा राग आला. कुणी सांगितलं होतं मला जिन्यात उभं राहून बडबडायला?

त्या दिवशी संध्याकाळी मी घरी परतताना कळंब्याच्या तलावाच्या कडेला गाडी लावली आणि तिथेच बांधावर बसले. लोक फिरायला आले होते, कणसं खात होते. आईचा फोन आला. मी उचलला नाही. तिने पुन्हा केला नाही, त्यावरून तिला काय ते कळलं असावं.

रविवारी गेले. बसमधून उतरून गल्लीच्या तोंडाशी आले तर मामाच समोर. त्यांना कोण आनंद झालेला. "अगं पोरी, वाजला की गं माझा फोन! तू बोललीस माझ्यासंगं! वरल्या गल्लीत बी वाजलं, देवळामागं बी वाजलं. तुझ्या अण्णाला सांगून आलो मी सकाळीच." त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, तोंड भरून आशीर्वाद दिले. मी कसंबसं हसले. त्यांचा काय दोष? त्यांना फक्त आपला फोन वाजल्याचं सुख वाटायचं होतं, आणि ते त्यांनी पहिलं आपल्या जुन्या मित्राला वाटलं.

दारात आईने मला अडवलं. हाताला धरून बाजूला नेलं. "कायबी बोलू नगंस. मी सांगितलंय, आजून हुतंय दुरुस्त, येळ लागतोय म्हणून." तिचे डोळे सुजले होते. एवढी रोखठोक बाई, जिने फोन जिवंत आहे आणि काम मेलं आहे असं तोंडावर सांगितलं होतं, ती आता मला खोटं बोलायला शिकवत होती. मी मान हलवली.

अण्णा कामाच्या जागी नव्हते. मागच्या दारी, पायरीवर बसले होते. मी जवळ जाऊन बसले. त्यांनी कधी आलीस विचारलं, नवरा बरा आहे का विचारलं, बसला गर्दी होती का विचारलं. मी सगळ्याची उत्तरं दिली.

"मामाचा फोन वाजला," ते म्हणाले.

"हो अण्णा."

"आटणीवाल्यांचा बी वाजला म्हनं."

"हो." आईने शिकवलेलं वाक्य मी तोंडात घोळवत होते. "अजून थोडं काम राहिलंय अण्णा, काही घरांचं अजून..."

त्यांनी हात वर करून मला थांबवलं. रागाने नाही. लहानपणी अभ्यासात चुकीचं उत्तर द्यायला लागले की ते असाच हात वर करायचे.

"तू काम अर्धं ठेवून घरी येणारी न्हाईस," ते म्हणाले. "मी वळकतो तुला. मशीन नीट झालंय."

आत आईने कुठलं तरी भांडं उगाच जोरात आपटलं.

"मशीन बिघडल्यालं हुतं तवर बरं हुतं गं," अण्णा म्हणाले. "कुणी इचारलं, काम का बंद हाय, तर मला सांगाय येत हुतं, मशीनचा घोळ हाय म्हणून. आता तू त्ये नीट केलंस." ते माझ्याकडे वळले आणि अगदी साधेपणाने, खरंच उत्तर हवं असल्यासारखं त्यांनी विचारलं, "आता लोकास्नी काय सांगू मी?"